लोखंडी कढई आणि आईचं हिमोग्लोबिन

झाशीच्या लोको शेडमध्ये फिटर असलेल्या आमच्या बाबांना माणसाचं शरीरही इंजिनासारखंच वाटायचं. आईचं हिमोग्लोबिन सात निघालं तेव्हा घाबरायचं सोडून त्यांनी व्याख्यान दिलं. "तांबड्या पेशी म्हणजे मालगाडीचे डबे. प्राणवायू वाहून न्यायचा. डबे धावतायत, पण अंगात लोहच नाही, तर माल भरणार कशात?" आई भिंतीला टेकून ऐकत होती. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायलाही तिला धाप लागे. मला त्या मालगाडीचा असा संताप आला म्हणून सांगू!

कारण भीती खरी होती. आईच्या गर्भाशयात गाठ होती, अंगावरून फार जायचं, आणि लेडी डॉक्टरांनी बजावलं होतं, "दस से नीचे मैं ऑपरेशन नहीं करूँगी." लोहाच्या गोळ्या तिच्या पोटात ठरत नव्हत्या. गोळी गिळली की ती मोरीकडे धावे.

मग बाबांनी खंडेराव गेटजवळच्या लोहाराकडून लोखंडी कढई आणली. ती एकट्याने उचलवत नसे. शेजारच्या भाभीजी बघायला आल्या आणि बुंदेलीत म्हणाल्या, "भैया, जा में तो पूरी पलटन कौ खाबो बन जैहै!"

त्या कढईत आमचा पालक काळा झाला, बटाटे काळे झाले, पोह्यांवरही अवकळा आली. धाकटा भाऊ नाक मुरडायला लागला की बाबा आईला ऐकू जाणार नाही असं दरडावत, "आईला एकटीला असलं खावं लागू नये. आपण साथ द्यायची!" आम्ही इमानाने साथ दिली. दोन-दोनदा वाढून घेतलं.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. कढईच्या अभिमानापोटी बाबांनी स्वतःचंही बोट पुढे केलं. रेल्वेच्या मागच्या तपासणीपेक्षा त्यांचं हिमोग्लोबिन चांगलं वाढलं होतं. आईचं सातच. बाबांचा संशय लगेच दवाखान्याच्या यंत्रावर गेला.

डॉक्टरांनी विचारलं, "कल रात क्या बना था?"

"पालक!" बाबा छाती काढून म्हणाले.

"आपसे नहीं पूछा. बहनजी, आपने क्या खाया?"

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "रोटी. अचार के साथ."

"और पालक?"

"ख़तम हो गया था जी."

"परसों?"

"चौलाई का साग था. बच्चों को बहुत भाता है."

आई सगळ्यांना वाढून शेवटी बसायची. आजीही तशीच बसायची, म्हणून आमच्यापैकी कुणाला त्यात काही दिसलंच नव्हतं.

त्या रात्री त्यांनी आईला पाटावर बसवलं आणि स्वतः वाढायला उभे राहिले. "अहो, हे काय भलतंच!" म्हणत तिने पहिला घास घेतला, आणि तिचं तोंड वाकडं झालं. "शी! असली भाजी खाताय तुम्ही इतके महिने? कुणी बोललं का नाही?" आम्ही हसून लोळलो. बाबांनी तिला आणखी वाढली.

दिवाळीनंतर हिमोग्लोबिन दहावर गेलं आणि ऑपरेशन पार पडलं. शुद्धीवर येताच आईने विचारलं, "जेवलात का सगळे?"

"नाही," बाबा म्हणाले, "तुझ्याआधी कसे जेवणार?" आणि आमचे ते फिटर बाबा सगळ्या वॉर्डासमोर हुंदके देऊन रडले.