ओट्याचा दगड

दगडाची इतकी आदब ठेवणारा आणि माणसाला न विचारता खरं सांगून मोकळा होणारा माणूस आमच्या दाजींसारखा जालना जिल्ह्यात दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कॉलेजात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. जांब समर्थला दर्शनाला नेलं, तर सगळे देवळात आणि हे भिंग घेऊन पायरीवर ओणवे. "हे पांढरे कण दिसले का? फेल्डस्पार नावाचं खनिज! लाव्हा जल्दी थंडावला, म्हणून बिचाऱ्याला वाढायला टाइमच भेटला न्हाई." मागे रांग खोळंबायची आणि ताई ओळख नसल्यासारखी लांब जाऊन उभी राहायची.

माझ्या भाच्यासाठी, म्हणजे दाजींच्याच मुलासाठी, मुलगी पाहायला आम्ही परतूरहून वाटूरला गेलो, तेव्हा "आज दगडावर बोलायचं न्हाई," असं ताईने दाजींना बजावलं होतं. पोहे झाले, बोलणी जुळत आली. मुलीच्या आईने हौसेने नवा स्वयंपाकघराचा ओटा दाखवला. "ग्रॅनाइट बसवलाय."

दाजींनी भिंग काढलंच.

"बाई, ग्रॅनाइट न्हाई हा. ग्रॅनाइटला पोटॅशचा फेल्डस्पार लागतो, गारगोटी लागते. ह्यात दुसराच फेल्डस्पार आहे. तुम्हाला बराबर फसवलं."

त्या बाईंचा चेहरा पडला. दारात मुलगी उभी होती, तिने मान खाली घातली. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं.

परतीच्या जीपमध्ये ताई खिडकीकडे तोंड करून बसली. शेवटी दाजीच म्हणाले, "मी खोटं बोललो का?"

"न्हाई," ताई म्हणाली, "म्हणून तर जास्त लाज वाटून राह्यली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्या दारात हजर. "चल वाटूरला. एकट्याला धीर होईना."

तिथे पोचल्यावर ओसरीतच मुलीच्या आईला हात जोडून म्हणाले, "बाई, चुकलं माझं."

"दगडाचं जाऊ द्या हो," त्या म्हणाल्या, "पण गल्लीतल्या बायांना मी कौतुकानं दाखवला होता."

दाजींना मान वर करता येईना. पुढ्यातला चहा तसाच राहिला. मुलगी पुढे आली आणि हळूच म्हणाली, "सर, गार झाला. दुसरा आणते."

तिच्याच समजूतदारपणाने ते लग्न झालं.

परवा वाटूरला जेवायला गेलो होतो. विहीणबाई एका शेजारणीला ओटा दाखवत होत्या. "ग्रॅनाइट आहे," म्हणाल्या आणि दाजींकडे पाहून थबकल्या.

"हो," दाजी घाईघाईने म्हणाले, "ग्रॅनाइटच. एकदम अस्सल."

सगळे हसले. दाजीही हसले, पण कानापर्यंत लाल झाले. दगडाबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच ते खोटं बोलले होते, आणि ते त्यांना बोलायला लावलं होतं आम्हीच. मला त्यांच्याकडे बघवेना.