बाभळीवरचा बगळा

पक्षी दाखवणाऱ्या माणसाकडे पक्ष्यांचे किस्से फारसे साठत नाहीत. पक्षी येतो, बसतो, उडून जातो. माणसं मात्र चार तास गाडीत असतात आणि गप्प बसत नाहीत! आठ वर्षं दर रविवारी सकाळी सहाला मी पुण्यात मंडईजवळून बारा जणांना मिनीबसमध्ये घालतो आणि मांजरीच्या पुढे, कवडीला नदीकाठच्या पाणथळीवर नेतो. मी गाइड. गाडी बबनमामांची आणि चालवणारेही तेच. मामा मांजरीचेच, साठी ओलांडलेले.

आमचा नियम एकच. खाली उतरायचं नाही. आवाज न करता गाडी कितीही जवळ नेली तरी पक्षी बसून राहतात, पण माणसाचा पाय जमिनीला लागला की सगळं पाणी रिकामं होतं. मामा लांबूनच इंजिन बंद करतात आणि उतारावर गाडी अलगद घरंगळत नेतात. मला ते अजून जमत नाही.

सदाशिव पेठेतल्या लेलेकाकू, निवृत्त शिक्षिका, पहिल्यांदा आल्या तेव्हा दोन तास शांत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, ते बाहेर मोकळे फिरताहेत आणि आम्ही खिडकीआड कोंडलेले. नक्की कोण कोणाला बघायला आलंय?"

तेव्हापासून त्या महिन्यातून एकदा येतातच.

*

एकदा आयटीतली चार मुलं आली. गाडीत बसल्या बसल्या एकाने विचारलं, "सर, फ्लेमिंगोचं टायमिंग काय आहे?"

मी काही बोलायच्या आत मामा आरशात बघून म्हणाले, "आज सुट्टी हाय त्यांची. रविवार न्हवं का!"

मुलाने मान डोलावली. मला वाटतं, त्याला ते पटलं होतं.

*

नागपूरकडची एक मुलगी इथे शिकायला आली होती. मैत्रिणींनी तिला ओढून आणलेलं. वाटभर तिची कुरकुर चालू. "आमच्याकडे वाघ दिसते, अन् इथे बदकं पाहाले पाचला उठवलं मले!"

कवडीला चक्रवाक बदकांची एक जोडी काठावर झोपली होती, मान पाठीत खुपसून. पोरगी खिडकीला चिकटली ती अर्धा तास हलली नाही. परतताना मी विचारलं, "काय, वाघ बरा की बदक?"

"वाघ इतका वेळ थांबत नाही हो," ती म्हणाली.

*

आता खरं सांगायचं तर गाडीतला गाइड मी नव्हतोच. माझ्या गळ्यात दुर्बीण, पण पक्षी आधी मामांना दिसायचा. "डाव्या अंगाला, उसाच्या कडंला बगा." आम्ही बघायचो, तर तिथे शेकाट्या उभा, लांबलचक लाल पायांवर.

गेल्या वर्षी एका सकाळी मामांनी बाभळीकडे बोट दाखवलं. "बगळा!"

बारा दुर्बिणी वळल्या. पुराच्या पाण्याने फांदीत अडकवलेली पांढरी पिशवी होती. सगळे हसले, मामाही हसले. मामा थट्टेखोर, त्यामुळे मीही ती थट्टाच समजलो. पुढच्या महिन्यात त्याच पिशवीला ते पुन्हा बगळा म्हणाले. त्या वेळी मात्र मला हसू आलं नाही.

आणि मग एका रविवारी बांधावर पुढचं चाक काठावरून घसरता घसरता राहिलं. गाडीत बारा माणसं होती. कोणाला कळलं नाही, पण गाडी थांबवून मामांना डोळे चोळताना मी पाहिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आठ वर्षांच्या सोबत्याला "तुम्ही आता चालवू नका" म्हणायचं कसं?

तरी म्हणालो. मामा भडकले. "आठ वर्सांत एक चरा तरी पडलाय का गाडीला? ह्या पाण्याला मी डोळं मिटून वळखतो!"

"तेच तर म्हणतोय, मामा. मिटूनच ओळखता."

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

*

शेवटी मी काकूंना सांगितलं आणि त्यांनी सूत्रं हातात घेतली. "मामा, मोतीबिंदू आहे तो. माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. काही दुखत नाही. फक्त घरी आल्यावर पहिल्यांदा जळमटं दिसली. चार वर्षांची! सून म्हणाली, आई, तुम्हाला दिसत नव्हतं तेच बरं होतं."

मामा खो खो हसले आणि दुसऱ्या दिवशी डोळे दाखवायला गेले.

ऑपरेशननंतर ते घरी असताना गाडी मी चालवली. पाणी लांब असतानाच पक्षी उडायचे. काकू म्हणाल्या, "आज पक्ष्यांच्या पाठी छान दिसल्या."

*

दोन्ही डोळे झाले, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मामा परत आले. नेहमीसारखं लांबून इंजिन बंद केलं, गाडी घरंगळत आली, बाभळीपाशी थांबली. समोर शेकाटे चरत होते, इतके जवळ की पाण्यातला चिखल ढवळलेला दिसत होता.

मामा पक्ष्यांकडे बघत नव्हते. काठाकडे बघत होते. फेस, बाटल्या, चिंध्या, फांदीफांदीला लोंबणाऱ्या पिशव्या.

"हे कदीपासनं हाय?" त्यांनी हळूच मला विचारलं.

"पहिल्यापासून, मामा."

मग त्यांनी दार उघडलं.

"मामा, नियम!" मी म्हणालो.

मामा खाली उतरले. पाय जमिनीला लागताच सगळे शेकाटे ओरडत उठले आणि पाणी रिकामं झालं. मामा सावकाश बाभळीपर्यंत चालत गेले. काटे चुकवत हात वर घातला, ती पांढरी पिशवी सोडवली, तिची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

परत येऊन ते सीटवर बसले, दार लावून घेतलं, डोळे पुसले.

"चला," म्हणाले, "आता बगळा दावतो."