उत्तराची जागा

माझा धाकटा दीर गिटार वाजवायचा तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असायचे आणि डाव्या पायाचा अंगठा जमीन धरायचा, चिखलात उभं असल्यासारखा. गिटार विजेवर चालणारी. तिच्या आवाजाने गोठ्यातली म्हैस दावं ओढायची. गाव त्याला झनझन्या म्हणे. सासूबाई ओरडायच्या, "काहून रे, त्या लाकडाले रडवून राह्यला?" तो म्हणायचा, "रडत नाही माय, बोलून राह्यलं."

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तो कामाला होता. तिथेच तीन मित्र मिळून त्यांचा रॉक बँड झाला. गाणी सगळी हिंदी. पण धानाच्या रोवण्याला तो सुट्टी घेऊन घरी यायचाच. आम्ही बायका दोन रांगांत वाकून रोपं लावायचो, तो रोपांच्या पेंढ्या आणून द्यायचा. रोवण्यात एक रांग गाण्याची ओळ टाकते, दुसरी उत्तर देते. मी उत्तराच्या रांगेत. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण वाकून गाताना तोंड कोणाला दिसत नाही.

"माहेर माहं किती दूर वो बाई, किती दूर?"

"वैनगंगेच्या पल्याड वो बाई, चुलीचा धूर."

झनझन्याने याचंच गाणं केलं. दसऱ्याला बालाघाटात त्यांचा कार्यक्रम होता. म्हणाला, "वयनी, उत्तर तुमी म्हणा."

"एवढ्या माणसांपुढं, भाऊजी?"

"डोळे मिटून घ्या. मी बी तेच करतो."

मी हौ म्हटलं. आणि त्या दिवशी पदर ओढून अगदी मागच्या रांगेत जाऊन बसले. त्याने दोनदा 'वयनी' म्हणून हाक मारली. मी हलले नाही. मग त्याने पहिली ओळ म्हटली आणि हात थांबवला. सगळीकडे शांत. कोणीतरी ओरडलं, "लाइन गई क्या?" साउंडवाला धावत येऊन वायरी हलवू लागला. झनझन्या डोळे मिटून उभाच. थोड्या वेळाने गिटार पुन्हा सुरू झाली.

परत येताना मी विचारलं, "रागावले का?"

"नाही. जागा तुमचीच आहे. राहू द्या."

पुढे प्रत्येक कार्यक्रमात तो तिथे थांबायचा. मग बँड मोडला. तो कामासाठी सुरतला गेला. मागे फोनवर म्हणाला, "गिटार विकली, वयनी. बोटं आता चालत नाहीत." जाण्याआधी त्याने ते गाणं माझ्या मोबाइलमध्ये भरून दिलं होतं. ऐकायची हिंमत मला चार वर्षं झाली नाही.

परवा घरात कोणी नव्हतं. तांदूळ निवडताना लावलं. ती जागा आली आणि मी गायले. वाकून गाण्याची सवय, म्हणून 'पल्याड'नंतर मला श्वास घ्यावाच लागतो. तोही घेतला. 'धूर' म्हटलं, आणि त्याच क्षणी त्याची गिटार उठली. ना आधी, ना नंतर. पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तसंच. पेंढ्या देत उभा असायचा, तेव्हा हा माझा श्वास मोजत होता.

लगेच त्याला फोन लावला.

"बोला, वयनी."

मी तांदळातले खडे वेचत राहिले. तो थांबला.

"जेवले का, भाऊजी?" मी विचारलं.