चोविसावा गोळा

गोळाबाई हे नाव काही तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून तिने एकतीस वर्षं काचसामान धुतलं आणि ते फोडणाऱ्या पोरांना फैलावर घेतलं. पण गावाला ती ठाऊक होती वेगळ्याच गोष्टीसाठी. कुणी आकाशात आगीचा गोळा पाहिला म्हटलं, की ही वही घेऊन दारात हजर.

तळ्यावरचा तांबडा गोळा? पलीकडच्या कारखान्यातल्या वेल्डिंगचा उजेड धुक्यावर पडलेला. टेकडीवरून संथपणे अंगावर येणारा पांढरा गोळा? समोरून उतरणारं विमान. न्हाव्याने शपथेवर सांगितलेला गोळा तर चक्क शुक्र निघाला आणि पुढे महिनाभर न्हाव्याने तिच्या नवऱ्याचे केस जरा जास्तच बारीक कापले.

वहीत रकाने होते: तारीख, वेळ, दिशा, रंग, आवाज. आणि शेवटचा, पाहणारा उभा होता, चालत होता की वाहनात होता. तेवीस गोळे, तेवीस निकाल. एकही शिल्लक नाही. याचा तिला गर्व होता आणि का नसावा?

मग चोविसावा गोळा तिच्याच घरात निघाला.

सासूबाई शहाऐंशीच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हृदय नाजूक म्हणून शस्त्रक्रियेला डॉक्टर तयार नाहीत. मागच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीसमोर त्यांचा पलंग. गोळाबाई निवृत्त झाली त्याच सुमाराला त्यांनी सुरुवात केली. रोज चार-साडेचारला एकच हाक.

"अगं, धाव! खिडकीत आगीचा गोळा आलाय! घर पेटेल!"

पहिल्या दिवशी गोळाबाई धावली. खिडकी होती, ऊन होतं, उंबऱ्यातून बाकी काही दिसत नव्हतं. "आई, कुठे आहे?"

"हा काय समोर! डोळे फुटले का तुझे?"

"फुटलेत कुणाचे ते दिसतंच आहे," गोळाबाई म्हणाली. ती बोलायला कधीच मागे नव्हती.

पुढे ती धावेनाशी झाली. तिचा निकाल ठरला: मोतीबिंदू, वय आणि डोकं. वहीत नोंदसुद्धा केली नाही, कारण वही खऱ्या गोळ्यांसाठी होती. शेजारीण मात्र दाराशी येऊन विचारायची, "काय हो, आज घरचा गोळा आला का?" ते गोळाबाईला झोंबायचं. चार महिन्यांत तिचा धीर सुटला. वृद्धाश्रमाच्या डॉक्टरांनी लेखी माहिती मागवली, ती तिनेच लिहिली. 'रोज दुपारी भास होतात. आरडाओरडा करतात. ढगाळ दिवशी शांत असतात. घरी सांभाळणे शक्य नाही.' खाली नवऱ्याची सही घेतली. त्याने पेन बराच वेळ हातात धरलं होतं.

"आईला एकदा विचारूया का?" तो म्हणाला.

"काय विचारणार? गोळ्याला बरोबर घेऊन जाणार का म्हणून?"

सोमवारी सकाळी गाडी येणार होती. रविवारी दुपारी तो औषधं आणायला गेला आणि गोळाबाई सासूबाईंचं सामान बांधायला बसली. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. नुसत्या गुडघ्यावरच्या शालीची गाठ सोडत होत्या, पुन्हा बांधत होत्या.

पलंगाखालची ट्रंक ओढायला गोळाबाई खाली बसली. ट्रंक अडली. तिने आडवं होऊन खांदा लावला, दम लागला म्हणून मान वर केली. डोकं उशीच्या उंचीला आलं आणि डोळ्यांत आग घुसली.

ती किंचाळली.

खिडकीत पांढऱ्याशुभ्र तेजाचा टिपका पेटला होता, पाहवत नव्हता इतका. तिच्या धडधाकट डोळ्यांना टिपका दिसला. मोतीबिंदूच्या डोळ्यांत तोच फुटून, पसरून गोळा झाला नसता तर नवल! ती झटकन उठून उभी राहिली. टिपका गेला. पुन्हा वाकली. आला.

खिडकीच्या फळीवर तिचा लाडका चंबू होता. काचेचा, गोल बुडाचा, प्रयोगशाळेतला, शाळेने निरोपसमारंभात दिलेला. शोभेचं रोप लावून तिने तो गळ्यापर्यंत पाण्याने भरला होता आणि जागा तिनेच निवडली होती. पाण्याचा गोल चंबू म्हणजे भिंगच की! हे तिने दरवर्षी आठवीच्या पोरांना करून दाखवलं होतं.

तेवढ्यात वास आला. चंबूच्या सावलीत, फळीच्या लाकडावरून बारीक धूर निघत होता. जवळच जळके ठिपके होते, एकाशेजारी एक, ओळीने, सूर्य जसजसा सरकला तसतसे. हे ठिपके तिने पाहिले होते. नवरा चोरून सिगारेट ओढतो आणि इथे विझवतो असं समजून त्याच्याशी पंधरा दिवस अबोला धरला होता. पडद्याची किनार त्या धुरापासून चार बोटांवर होती.

गोळाबाईने चंबू उचलला, त्यातलं पाणी धुरावर ओतलं आणि तशीच मटकन जमिनीवर बसली. रोप मांडीवर, पाणी साडीवर.

ढगाळ दिवशी शांत असतात. हे वाक्य तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं! उभा, चालत, वाहनात. एकतीस वर्षं विज्ञानात काढून आडवं पडलेल्या माणसासाठी तिला एक रकाना सुचला नव्हता.

"दिसला?" सासूबाईंनी विचारलं.

"दिसला, आई."

"मग ओरडलीस कशाला? भास असेल."

गोळाबाई उठली, टेबलावरच्या पाकिटातून त्या पत्राची प्रत काढली आणि सासूबाईंच्या पुढ्यात टराटरा फाडली. मग वृद्धाश्रमाला फोन लावला. पलीकडच्या माणसाने कारण विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "निदान चुकलं. माझं."

फोन ठेवून वळली तर सासूबाई ट्रंकेकडे बोट दाखवत होत्या.

"हे चंबूगबाळं आता कुणी आवरायचं?"

"मी आवरते ना."

"तू चंबू तेवढा आवर. गबाळं माझं आहे, ते राहू दे इथेच."

नवरा औषधं घेऊन परत आला तेव्हा त्याला बायको आईच्या पलंगावर आडवी पडलेली दिसली. डोळे खिडकीकडे लावून, उशाशी वही उघडी.

"काय झालं गं?"

"तुम्ही सिगारेट ओढत नव्हता," ती म्हणाली आणि तोंडावर उशी घेतली.