साठ गाठींची मांजर

माझ्या विहीणबाईइतकं मांजराचं वेड ह्या अख्ख्या शारजात कुणाला नसेल, आणि ती तर शारजाची नव्हेच. ती हिमाचलातली, पार वरच्या गावातली. तिथं अर्धं वरीस बर्फ. माझा मुलगा आणि तिची मुलगी एकाच हाटेलात कामाला, तिथंच जमलं त्यांचं. सून गरोदर राहिली. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण त्या गावात दवाखाना नाही, म्हणून माहेरच उठून आमच्या इथल्या रोल्ला भागातल्या दोन खोल्यांत आलं. दोन महिन्यांचा विझिट व्हिसा, एक पिशवी अक्रोड, एक डबा तूप आणि तोंडात सारखं राणी, राणी. राणी म्हणजे तिची मांजर.

राणीची सोय हिनं अशी लावलेली. लिहिता हिला येत नाही, मला तरी कुठं येतंय. तर सुतळीला साठ गाठी मारून शेजारच्या म्हाताऱ्याला दिली. रोज राणीला दूध-भाकर घालायची, एक गाठ सोडायची. गाठी संपल्या की ही दारात. तसलीच दुसरी सुतळी हिच्याजवळ. सकाळी आधी गाठ सोडणार, मग चहा पिणार, तो पण मीठ घालून. मग फोन. म्हातारा तिकडं फोन मांजरापुढं धरायचा, ही इकडून ओरडायची, "राणी, खाना खाया? कितनी दुबली हो गयी!" मांजर फोन चाटायची, आम्हाला नुसती गुलाबी जीभ दिसायची. सून म्हणायची, "मम्मी, पेट से मैं हूँ, राणी नहीं."

विहीणबाई एसी सोळावर ठेवायची आणि वर स्वेटर घालायची. बिल्डिंगखाली कचऱ्याच्या पेटीपाशी मांजरं बसतात, त्यांना उभं राहून विचारायची, "अरे, तुम्हारा ऊन कहाँ गया?" ऊन म्हणजे तिकडं लोकर. खालचा मलबारी दुकानवाला मला हळूच म्हणायचा, "अम्मा, मॅडम ठीक है ना?" मी म्हणायची, "ठीक है. पहाडी है."

डाक्टरनं दिलेल्या तारखेनं बारशापर्यंत सगळं साठात बसत होतं. पण नातू बारा दिवस उशिरा आला. सहा गाठी उरल्या होत्या. मुलगा म्हणाला, "मम्मीजी, विझिट एक्स्टेंड करते हैं. सव्वा महीना होने दो." ती "हाँ बेटा" म्हणाली. पण थंडीत ते गाव रिकामं होतं. साठाव्या दिवशी म्हाताऱ्याचा लेक त्याला खाली न्यायला येणार, मग रस्ता बंद. मागं राहणार तीन घरं, तिन्हीत कुत्री. हे मला सुनेकडून कळलं. विहीणबाईनं बाळाची लंगोटं धुतली, वाळली, ती परत धुवायला घेतली.

मी म्हटलं, "तुम जाव."

"समधनजी, लोग क्या कहेंगे? बिल्ली के लिए बेटी को छोड़ गयी?"

"लोग किधर है इधर? मैं है. मैंने दूसरों का चार बाळंतपण किया है. खलास. जाव."

मी ह्या देशात आले तेव्हा मुलगा चार वर्षांचा. नवरा वारलेला. पोर जावेकडं ठेवलं आणि इथल्याच खोर फक्कान गावी एका घरी कामाला राहिले. तीन वर्षं सुट्टी नाही. फोनवर पोर बोलायचं नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. म्हणून विहीणबाईच्या फोनला मी कधी हसले नाही. हसले, पण तोंड फिरवून.

ती गेली. म्हातारा निघायच्या दिवशीच पोचली. चार दिवसांनी तिचा फोन आला. आवाज बारीक.

"राणी ठीक है, मोटी है. पर मेरे पास नहीं आती. पीठ करके बैठती है. मुझे भूल गयी क्या?"

तीन वर्षांनी मी घरी गेले तर माझा मुलगा जावेच्या पदराआड गेला. तिला आई म्हणाला, मला काकी.

नातू मांडीवर झोपलेला. मी हळू बोलले, "भूली नहीं. गुस्सा है. रोज खाना रखो, बुलाना मत. आएगी."

"कितने दिन में?"

"थोडे दिन में," मी म्हटलं. माझ्या पोराच्या वेळी माझी सुट्टीच आधी संपली होती, ते तिला बोलले नाही.