जनरलची चादर
नव्या चादरीच्या खळीचा वास आला की मामा आठवतो. सत्तरच्या दशकात आफ्रिकेतल्या त्याच्या दुकानाला लष्करानं कुलूप ठोकलं आणि तो अंगावरच्या कपड्यांनिशी सोलापुरात आमच्याकडं आला, तापानं फणफणलेला. वडिलांच्या कारखान्यात तेव्हा त्याच देशासाठी चादरी विणल्या जात होत्या. मधोमध तिथल्या हुकूमशहा जनरलचा लाल चेहरा. त्यातली एक डागी चादर घरी होती, आईनं तीच त्याच्यावर घातली. मामा चेहऱ्याकडं बघत राहिला. "ताई, उलटी कर की." आईनं उलटली. सोलापुरी चादर ती, उलट्या बाजूलाही तोच चेहरा, नुसता लालचा पांढरा झाला. "ऱ्हाऊ दे, ऊब हाय," म्हणत मामानं ती हनुवटीपर्यंत ओढली. अजून चादर घेताना मी उलटून बघतो. दुकानदार म्हणतो, "दोन्हीकडनं सारखीच हाय की." "ठाऊक हाय," मी म्हणतो.