मच्छरदाणीतलं कोहळं

फळ्यावर फूल काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पाकळ्या गुलाबी खडूनं, पुंकेसर पिवळ्यानं, मधोमध हिरवा स्त्रीकेसर, आणि वर एक मधमाशी. तिच्या पायांना परागकणांचे ठिपके द्यायला मी कधी विसरत नाही. ही मधमाशी जरा अंगानं भरते. एका वर्षी मागच्या रांगेतल्या पोरांनी तिला म्हैस समजून वहीत शिंगंही काढली होती. तरी धडा पक्का. बी, रोप, फूल, परागीभवन, फळ आणि पुन्हा बी. पोरी तो गोल हातातली बांगडी ठेवून आखतात, मी हात झटकतो, चक्र पूर्ण.

फक्त फळ्यावरचं फूल दिवसभर उघडं राहतं, खरं राहत नाही. एवढी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती.

आमची शाळा दवनीवाड्याच्या पुढं, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध. मी रोज कुडव्याहून गाडीनं येतो. शाळेला परसबाग आहे, म्हणजे पाटीवर तरी तसं लिहिलेलं आहे. मागच्या पावसाळ्यात शाळा उघडली त्याच आठवड्यात पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी पदराची गाठ सोडत माझ्या टेबलापाशी आल्या. गाठीत राखेनं माखलेल्या सात बिया होत्या.

"माह्या मायच्या कोहळ्याच्या हायेत जी," त्या म्हणाल्या.

कोहळं म्हणजे इकडचा लाल भोपळा. त्यांची आई चोरखमाऱ्याकडची. ती गेली, पण तिचं कोहळं दरवर्षी मावशींच्या कवेलूच्या छपरावर चढत होतं. यंदा मुलानं ते घर पाडून घरकुल बांधायला काढलं, त्या उचलाउचलीत उंदरांनी बियांची मडकी गाठली. उरल्या त्या या सात.

"घरी लावाव त छप्पर नाही. तुमची बाग हाये, लावा. मले एकच कोहळं पायजे, बियाले. बाकी पोरायच्या भाजीत जाऊ द्या."

शहाण्या माणसानं चार लावल्या असत्या, तीन ठेवल्या असत्या. मी म्हणालो, "एक काय मागता मावशी, वीस देतो. आपण विज्ञान शिकवतो."

"शिकवता ते ठाऊक हाये," त्या म्हणाल्या. "उगवून पायलं का कवा?"

सातांतल्या पाच उगवल्या. पोरांनी पट्टी लावून रोज उंची लिहिली. मग पानांवर लाल भुंगेरे आले आणि दोन दिवसांत पानांची चाळणी झाली. मावशी म्हणाल्या, चुलीतली राख मारा. आता राख मारायला विज्ञानाचा शिक्षक कशाला हवा? मी घरच्या डबल बेडची मच्छरदाणी आणली. बांबूच्या चार काठ्या रोवल्या, कडा विटांनी दाबल्या, मुंगी शिरणार नाही असा बंदोबस्त केला आणि फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. सतरा अंगठे आले. एकानं 'अभिनव उपक्रम' असंही लिहिलं. ते मी बायकोला दाखवलं. ती डास मारत होती.

भुंगेरे खरंच गेले. वेल मच्छरदाणीत मावेना. मी येताजाता तिच्याकडं असं बघायचो की जणू ती मला बघून वाढते आहे.

ऑगस्टात तो धडा आला. मी म्हशीएवढी मधमाशी काढली आणि पोरांना बजावलं, "मधमाशी आली नाही तर फळ नाही. फळ नाही तर बी नाही. ध्यानात ठेवा." मच्छरदाणी खिडकीतून वीस पावलांवर दिसत होती. तिकडं हात करून मी म्हणालो, "आपल्या कोहळ्याचं उदाहरण घ्या." पोरांनी घेतलं.

आमची शाळा साडेदहाला भरते. तोवर फुलं ओल्या छत्र्यांसारखी मिटलेली असायची. मला वाटायचं, उन्हानं कोमेजली. काही फुलांखाली बोराएवढं कोहळं दिसायचं, तीन-चार दिवसांत पिवळं पडायचं, मऊ व्हायचं आणि गळायचं. मावशींनी पहिलं गळलेलं आणून माझ्या हजेरीपटावर ठेवलं.

"हे काऊन झडून राहिलं जी?"

"खत कमी पडलं."

खत घातलं. आणखी गळली. मग मी पाणी जास्त झालं म्हणालो, मग ढगाळ हवा म्हणालो. माझ्याकडं कारणं ढीगभर होती, कोहळं एकही नव्हतं. मावशींनी विचारणं सोडलं. हे विचारण्यापेक्षा वाईट होतं. गणपती बसायच्या सुमारास भात निवडता निवडता त्या एवढंच बोलल्या, "वेल म्हातारी व्हाले लागली. यंदा बी नाही धरली त..." आणि उठून वरणात डाव फिरवायला गेल्या. त्या दुपारी मी ते वरण दुसऱ्यांदा मागितलं नाही.

मग शनिवार आला. शनिवारी आमची सकाळची शाळा असते, पण त्या वेळी बागेत मी कधी फिरकलो नव्हतो. प्रार्थना आटोपून मी चौथीच्या पोरांना बागेत नेलं आणि बघतो तर फुलं टक्क उघडी, ताटाएवढी पिवळीधमक. मला अभिमान वाटला, जणू मीच ती उघडली होती. पोरं मच्छरदाणीला नाकं लावून बसली. त्यांत एक मुलगी होती, वर्गात सहसा तोंड न उघडणारी. ती जाळीवर बोट ठेवून म्हणाली,

"सर, हे मधमाशी आत काऊन नाही जाऊन राहिली?"

मच्छरदाणीवर चार मधमाश्या फिरत होत्या. वर जायच्या, खाली यायच्या, शिवणीपाशी थांबायच्या, पुन्हा वर.

"कारण जाळीची भोकं," मी समजावून सांगायला लागलो, "मधमाशीपेक्षा बारीक..."

आणि थांबलो.

"मंग आतल्या फुलायले कोण जाते?" तिनं विचारलं. प्रश्न अगदी सरळ होता. अख्खा वर्ग माझ्याकडं बघत होता. मावशी डाव हातात घेऊन स्वयंपाकखोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मच्छरदाणी वरपासून खालपर्यंत नीट पाहिली.

"फुलायले मच्छर नाही चावले न गुरुजी?" त्या म्हणाल्या.

मी मच्छरदाणी ओढून काढली. दोन काठ्या मोडल्या. मावशींनी चुलीतली राख आणली आणि पानांवर भुरभुरली. वेलीवर आता शोधून शोधून त्यांना पानाआड कोहळं असलेली एकच कळी सापडली, उद्या-परवा उमलेल अशी. बाकी शेंड्यांना जोर नव्हता.

एवढं झाल्यावर गप्प बसावं. पण माझा मधमाश्यांवर भरवसा नव्हता, पाच आठवडे मीच त्यांना बाहेर उभं केलं होतं. रविवारी सहाच्या आत गाडीला किक मारली.

"सुट्टीच्या दिवशी कुठं?" बायकोनं विचारलं.

"कोहळ्याचं लग्न लावायला."

"मच्छरदाणीचा आहेर आधीच नेलाय तुम्ही," ती म्हणाली. "आणा तो परत."

बागेत पोचलो तेव्हा फुलं उमलत होती. एक फूल तोडलं, पाकळ्या काढल्या, आतला पिवळा दांडा दुसऱ्या फुलात घासला. मग तिसऱ्यात, चौथ्यात. पुस्तकात आहे तस्सं. नाकाच्या शेंड्यापर्यंत परागकण झाले. मागून मावशींचा आवाज आला. बांधीवर पाणी बघायला निघाल्या होत्या, गाडी बघून वळल्या.

"कोण कोणाले लावून राहिले जी?"

"नर फुलाचे परागकण मादीला."

त्यांनी एकेक फूल वाकवून पाहिलं. "याच्या खाली कोहळं कुठं हाये? अन् याच्या? हे सारे नवरेच होत. नवऱ्याचं लगन नवऱ्यासंगच लावून राहिले तुम्ही." मग त्यांनी मोठं पान बाजूला सारलं. खाली ती कळी उघडली होती, आणि तिच्या देठाशी इवलं कोहळं. "हे पहा नवरी. मांडवात बसली एकटी."

मी नवीन नर फूल तोडलं. त्याच्या पाकळ्या काढायला लागलो. तेवढ्यात पाठीला पिवळं फासलेली एक मधमाशी आली आणि सरळ नवरीच्या फुलात उतरली. आम्ही दोघंही हललो नाही. ती आत गोल फिरली, निघाली आणि गेली. मग मीही माझा दांडा घासला, नाही कशाला म्हणा.

पुढचे चार दिवस मी शाळेत शिरलो की आधी बागेत. पिवळं पडायचं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडतं, हे मला एव्हाना पाठ झालं होतं. पाचव्या दिवशी ते हिरवंच होतं, लिंबाएवढं, आणि मान खाली घातलेलं. मी तिथंच विटेवर बसलो. किती दिवसांनी पाठ सैल सोडली ते पाठीलाच कळलं.

हे कुणामुळं झालं यावर चौथीत वाद पेटला. सरांमुळं की मधमाशीमुळं? मी हात वर करून मत घेतलं. सगळे हात मधमाशीला. माझाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कोहळं पिकलं. नख लावून बघितलं तर उमटेना. पण माझा जीव अजून टांगलेला होता, कारण आतून बी फोल निघाली तर नुसती भाजी झाली. मावशींनी विळीवर ते उभं चिरलं. गर केशरी निघाला. त्यांनी एक बी काढली, पदराला पुसली आणि अंगठ्यानं दाबली. दुसरी दाबली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"भरली हाये," त्या म्हणाल्या. मग आपल्याशीच, "मायचीच हाये."

त्या दिवशी पोरांच्या ताटात कोहळ्याची भाजी होती आणि मी तीनदा वाढून घेतली. बिया राखेत घोळून पोत्यावर वाळल्या, तेव्हा मावशी वाटणी करायला बसल्या. एक गाठ त्यांच्या घरी. एक शाळेच्या डब्यात. चौथीतल्या प्रत्येकाला चार-चार, त्या मुलीला आठ. माझ्या तळहातावरही चार ठेवल्या.

"साऱ्या एका जागी ठेवू नये जी," त्या गाठ आवळत म्हणाल्या. "उंदीर असते." मग वर बघितलं. "अन् गुरुजी असते."